फ्लशिंगच्या बिलाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. गाडीच्या एसीचा गॅस भरायला आलो होतो आणि 24,600 रुपयांचं बिल हातात पडलं, फ्लशिंगच्या, म्हणजे एसीचे पाइप आतून धुण्याच्या, नावाखाली लुटलं, दुसऱ्या गॅरेजवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे हेच काम पेट्रोलने धुऊन 300 रुपयांत होतं, आणि एवढं करूनही आठ दिवसांत कूलिंग कमी झालं, असं तुम्ही लिहिलंय. यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या आमच्याकडून चुकल्या. फ्लशिंगचं मात्र तसं नाही.

आधी आमच्या चुका. गाडी उघडल्यावर मी तुम्हाला फोन करून सांगितलं की कॉम्प्रेसर, म्हणजे गॅसला दाब देणारा पंप, गेलाय, पंधरा हजारांच्या आसपास खर्च येईल. तुम्ही हो म्हणालात. त्यानंतर कंडेन्सरही (गरम गॅस थंड करणारी समोरची जाळी) बदलावा लागणार हे लक्षात आलं तेव्हा दुसरा फोन करायला हवा होता, तो केला नाही. मे महिन्यातलं नागपूर, दारात अकरा गाड्या उभ्या, पण हे काही कारण होऊ शकत नाही. तुम्ही घरी पंधराचा हिशोब धरून बसलात आणि काउंटरवर साडेचोवीस ऐकलंत. तुमच्या जागी मीही चिडलो असतो. माफ करा.

दुसरी चूक कूलिंगची. तुम्ही परत आलात तेव्हा गॅस काढून वजन केलं. 430 ग्रॅम भरला होता, 310 निघाला. कॉम्प्रेसरच्या सक्शन पाइपची (गॅस आत ओढणाऱ्या पाइपची) नवी ओ-रिंग, म्हणजे सांध्यातलं रबरी कडं, बसवताना आमच्याच पोराच्या हातून चिमटली होती. गॅस भरण्याआधी आतली हवा खेचून व्हॅक्यूम धरून ठेवलं तेव्हा काटा हलला नाही, कारण अशी बारीक गळती व्हॅक्यूममध्ये दबून राहते आणि आत प्रेशर आलं की उघडते. ओ-रिंग आणि गॅस आम्ही पैसे न घेता करून दिलं. पण तुमचा अर्धा दिवस गेला तो गेलाच. त्या दिवसापासून व्हॅक्यूमच्या आधी प्रत्येक गाडीत नायट्रोजन भरून अर्धा तास ठेवतो आणि एकेका जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघतो.

आता फ्लशिंग. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा गेज (दाब मोजायचे काटे) लावून तुम्हालाही दाखवलं होतं. कॉम्प्रेसर चालू, तरी कमी दाबाच्या आणि जास्त दाबाच्या दोन्ही बाजूंचे काटे जवळपास एकाच आकड्यावर. गॅस संपलेला नव्हता, कॉम्प्रेसर दाबच तयार करत नव्हता. त्याआधी दोन उन्हाळे तुम्ही दुसरीकडे नुसता गॅस टॉप-अप करून घेतलात असं म्हणाला होतात. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळताना तो ऑइलही सोबत नेतो. ऑइल न घालता गॅस भरत राहिलं की कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि आतून स्वतःलाच खातो. तुमच्या गाडीत तेच झालं. जुना कॉम्प्रेसर उलटा केला तर चमचाभर काळं ऑइल निघालं, आणि उन्हात धरल्यावर त्यात ॲल्युमिनियमचा चुरा चमकत होता.

हा चुरा कॉम्प्रेसरपाशी थांबत नाही. गॅसबरोबर पाइप, कंडेन्सर, व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल असा सगळीकडे फिरतो. तशाच लाइनला नवा कॉम्प्रेसर जोडला असता तर 13,500 रुपयांची वस्तू जुना कचरा गिळून काही दिवसांत जाम झाली असती. शिवाय सिस्टिम साफ केल्याशिवाय लावलेल्या कॉम्प्रेसरची वॉरंटी बहुतेक कंपन्या मानत नाहीत.

म्हणून पाइप आणि कूलिंग कॉइल वेगळे केले, फ्लशिंगचं सॉल्व्हंट (तेल-कचरा धुणारं रसायन) उलट्या दिशेने सोडलं आणि नायट्रोजनने बाहेर ढकललं. निघण्याच्या तोंडाशी पांढरं फडकं धरतो. तुमचं पहिलं फडकं राखेसारखं काळं आलं, तिसरं पिवळसर, पाचवं कोरं. त्यानंतर आतलं सॉल्व्हंट पुरतं सुकेपर्यंत पुन्हा नायट्रोजन, कारण ते थोडं जरी राहिलं तरी नव्या ऑइलला पातळ करतं. या सगळ्याचे आम्ही 1,800 रुपये घेतले. तुमच्या बिलात फ्लशिंग एवढंच आहे.

कंडेन्सर का धुतला नाही, हेही सांगतो. जुन्या गाड्यांत एकच जाड नळी नागमोडी फिरायची, ती धुता यायची. तुमच्या गाडीत चपट्या पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीत केसासारखी बारीक भोकं. त्यांत अडकलेला चुरा निघत नाही, सॉल्व्हंट शेजारच्या मोकळ्या भोकातून निघून जातं आणि फडकं खोटंच स्वच्छ येतं. तो बदलायचाच असतो. ओलावा शोषणारा ड्रायर त्यालाच जोडून येतो, दोन्ही मिळून 4,900. कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्हही धुता येत नाही, तो 1,400. गॅस आणि ऑइल 1,600, मजुरी 1,400.

पेट्रोलबद्दल मला मनापासून काळजी वाटते, म्हणून उघड लिहितो. ते कोणालाही करू देऊ नका. पेट्रोल रबराच्या ओ-रिंगा आणि होज खराब करतं, आणि बंद शेडमध्ये त्याची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. वर ते सुकवायला पंक्चरवाल्याकडची हवा मारतात, तिच्यात पाणी असतं. एसीचं ऑइल ओलावा ओढून घेतं आणि मग आत ॲसिड तयार होतं. आम्हीही पूर्वी वन-फोर-वन-बी नावाचं रसायन वापरायचो. ओझोनला घातक म्हणून 2020 पासून त्याची आयात बंद झाली, तेव्हापासून सॉल्व्हंट बदललं.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने "फ्लशिंगची गरज नसते" म्हटलं असेल, तर बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत तो बरोबर आहे. कूलिंग नीट असताना किंवा नुसती ओ-रिंग गळत असताना आम्हीही फ्लशिंग करत नाही, कोणी मागितलं तरी नको म्हणतो. आणि डॅशबोर्डच्या जाळीतून फोम मारून वास घालवतात, ती वरवरची सफाई. त्याचा या कामाशी संबंध नाही.

तुमचा जुना कॉम्प्रेसर, कापलेली कंडेन्सरची पट्टी आणि ती पाचही फडकी तुमच्या गाडीचा नंबर लिहून पिशवीत ठेवली आहेत. सोमवार सोडून कधीही या, हव्या त्या मेकॅनिकला सोबत आणा आणि त्याच्यासमोर उघडून बघा. दुसरा फोन केला नाही, त्याबद्दल मजुरीचे 1,400 रुपये परत करतोय, पाकीट काउंटरवर तुमच्या नावाने ठेवलंय. आलात की एकदा गेजही लावून घेऊ, म्हणजे ओ-रिंग नीट बसली आहे की नाही ते माझ्याही डोळ्यांनी दिसेल.