पार्सल येणार असेल तर आंघोळ करू नका

मोबाइलवर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ असा निरोप झळकला की सर्वप्रथम आंघोळीचा विचार मनातून काढून टाका. कंपनी म्हणते, पार्सल सकाळी नऊ ते रात्री नऊ यांमध्ये केव्हाही येईल. हा तिचा विनय झाला. खरं तर वेळ अगदी पक्की असते: तुम्ही डोक्याला साबण लावलात की त्यापुढचं दुसरं मिनिट. घरात आणखी कुणी असेल तर काय बिघडतं, असं काही भाबडे लोक विचारतील. बिघडतं ते असं, की जो दार उघडतो त्याच्याकडे ओटीपी नसतो आणि ज्याच्याकडे ओटीपी असतो त्याच्या डोळ्यांत साबण असतो. मग न्हाणीघरातून आकडे ओरडून सांगावे लागतात. आमच्या घरचे ओटीपी जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातात. एकदा मला आठवेना, तर खालच्या काकूंनी सांगितला.

आता पत्ता. तो नीट लिहू नये. नीट पत्ता लिहिणाऱ्याला फोन येत नाहीत, आणि चार फोन आल्याशिवाय पार्सल येतंय असं मनाला पटत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि एरवी संस्कृत कवी. त्यांनी आखलेला सहा आकडी पिन कोड 15 ऑगस्ट 1972 पासून देशभर लागू झाला. एकाच नावाची अनेक गावं, लिहिणाऱ्याची लिपी एक आणि वाटणाऱ्याची दुसरी, अशा गोंधळावर तो उतारा होता. पहिला 4 दिसला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेशाची बाजू कळते, 411 म्हटलं की पुणे, आणि उरलेले तीन आकडे थेट वाटपाच्या पोस्टापर्यंत नेऊन सोडतात. कवीच तो, थोडक्यात सांगायची सवय. आपण गद्यवाले. आपण 411030 लिहून झाल्यावर ‘जवळची खूण’ या रकान्यात ठसक्यात लिहावं: ‘मारुतीजवळ’.

पेठांमध्ये ‘मारुतीजवळ’ म्हणजे समुद्रात ‘पाण्याजवळ’. पत्र्या मारुती आहे, भिकारदास मारुती आहे, थोडं पुढे सरकलं की जिलब्या मारुती आहे. पार्सल घेऊन येणारा पोरगा बहुधा लातूर-बीडकडचा असतो, दिवसा वाटप आणि रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. तो विचारतो, “काका, इथं लई मारुती हायेत. तुमचा कोणता?” राज्यसेवेच्या पेपरात हा प्रश्न येत नसल्याने त्याची तयारी झालेली नसते. अशा वेळी “अरे, समोरच तर आहे” एवढंच म्हणावं आणि फोन ठेवावा. कशाच्या समोर, हे सांगितलं तर त्याची उमेद जाते.

शास्त्र मात्र स्वस्थ बसलेलं नाही. टपाल खात्याने 2025 मध्ये डिजिपिन आणला. आता अख्खा देश साधारण चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा चौकोनांत विभागला असून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी-आकडी खूण आहे. म्हणजे पार्सल दिवाणखान्यात द्यायचं की स्वयंपाकघरात, हेसुद्धा सांगता येईल. फक्त मजला त्यात नाही. अकरा मजली इमारतीत एका डिजिपिनमध्ये एकावर एक अकरा स्वयंपाकघरं बसतात. तेव्हा काळजी नको, फोन येतच राहतील.

पार्सल निघालं की दर दहा मिनिटांनी ट्रॅकिंग उघडून बसावं. भूगोल सुधारतो. मी हडपसरच्या एका दुकानाकडून मिक्सरचं भांडं मागवलं होतं. आमच्या घरापासून दुकान रिक्षाच्या अंतरावर. ते भांडं आधी भिवंडीला गेलं, तिथे दोन रात्री राहिलं आणि मग पुण्याला परत आलं. सगळा माल एका मोठ्या केंद्रात नेऊन छाटायचा आणि तिथून गावोगाव पाठवायचा, हे कंपनीला स्वस्त पडतं म्हणे. पडत असेल. पण त्या भांड्याने माझ्यापेक्षा जास्त महाराष्ट्र पाहिलाय, आणि तरी त्यात चटणीच वाटली जाते, याचं मला जरा वाईट वाटतं.

पुढचा टप्पा आध्यात्मिक आहे. तुम्ही सकाळपासून उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेले असता आणि मोबाइलवर निरोप येतो: ‘ग्राहक घरी आढळला नाही.’ चिडू नका, आत डोकावून पाहा. आपण खरंच घरी होतो का? देहाने होतो, पण चित्त? कस्टमर केअरला फोन लावलात तर तिथली मुलगी अतिशय गोड आवाजात सांगेल की, “सर, आमच्या सिस्टिममध्ये तुम्ही नाही आहात.” जन्म-मृत्यूच्या फेऱ्यातून सुटण्याचा इतका सोपा मार्ग कुठल्या महाराजांनी दाखवला असेल असं वाटत नाही.

त्या पोरावरही राग धरू नका, असं म्हणणार होतो, पण हा सल्ल्यांचा लेख आहे, तेव्हा धरा. त्याला बहुतेक ठिकाणी पार्सलमागे पैसे मिळतात, पेट्रोल बरेचदा त्याच्याच खिशातलं, आणि पिशवीतला आकडा संध्याकाळपर्यंत शून्यावर आणायचा असतो. या माहितीचा आपल्याला काही उपयोग नाही. आपण सोसायटीच्या सभेत ठराव करावा की वाटप करणाऱ्यांनी रहिवाशांची लिफ्ट वापरू नये. मग दहा किलो कणीक आठव्या मजल्यावर मागवावी. तो धापा टाकत वर आला की पाणी विचारू नये, घड्याळ दाखवावं. एक स्टार देताना अंगठा थरथरू देऊ नये. नंतर चहा पिताना हल्ली माणुसकी राहिली नाही यावर थोडा वेळ बोलावं.

न मागवलेली पार्सलं मात्र फार वक्तशीर असतात. ‘तुमचा पत्ता अपुरा असल्याने पार्सल गोदामात अडकलं आहे, अमुक तासांत या लिंकवर पत्ता भरा.’ टपाल खात्याच्या नावाने फिरणारे असे निरोप खोटे असल्याचं पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्याच माहिती कार्यालयाने, जाहीर केलेलं आहे. पण कुणाला तरी आपला पत्ता हवाय, या विचाराने माणूस हळवा होतो. लिंक उघडा, पत्ता भरा, कार्डाचा नंबर भरा. पैसे घरपोच जातात, तेही कुणाच्या अंगणात न चुकता.

परदेशात मुलंबाळं असणाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. चकली अमेरिकेला पाठवायची असेल तर भाजणीच पाठवावी, कारण पोचेपर्यंत चकली पुन्हा भाजणीच होते. 2025 मध्ये तर सरकारांनीच आयांची परीक्षा घेतली. 800 डॉलरपर्यंतच्या सामानाला असलेली शुल्कमाफी अमेरिकेने 29 ऑगस्टपासून काढली. तो कर कुणी आणि कसा गोळा करायचा हे उलगडेना, म्हणून आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. ती 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या जेमतेम सहा दिवस आधी. आमच्या मावशीचे बेसनलाडू दोन महिने ‘पाठवू की नको’ या अवस्थेत डब्यात होते. शेवटी ते मी खाल्ले. जागतिक व्यापारयुद्धाची एवढी एकच चांगली बाजू मला ठाऊक आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: चांगला अनुभव येऊ देऊ नका. आलाच तर दाबून ठेवा. वेळेवर आलेलं पार्सल चारचौघांत कशाला सांगायचं? “मागवलं, आलं.” यावर कुणी खुर्ची पुढे ओढत नाही. उलट फोनऐवजी साबणाची वडी निघाली म्हटलं की अख्खं लग्नघर पंगत सोडून ऐकायला येतं.

माझ्याकडे असा एक अनुभव आहे. इतके दिवस लपवून ठेवला होता. आईला पेन्शन आहे, आणि पेन्शन आहे म्हणून दर नोव्हेंबरला आई जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी तिला रिक्षात घालून बँकेत न्यायचो. आता 70 रुपयांत पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला करून देतो. आमचे पोस्टमन आले, पायताण बाहेर काढलं, यंत्र टेबलावर ठेवलं. आईचा अंगठा यंत्राला ओळखू येईना. पन्नास वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून त्यावरच्या रेषा पार गुळगुळीत झालेल्या. एकदा झालं, दोनदा झालं. आई म्हणाली, “नसेन हो मी, राहू द्या.” ते म्हणाले, “काकू, असं कसं? तुमचं पत्र वीस वर्षं मीच देतोय. यंत्राला काय कळतंय!” मग त्यांनी तिचा हात पुसला, दुसरी बोटं एकेक करून लावून पाहिली, आणि अनामिका जुळली.

तेवढ्यात यंत्राने ओटीपी मागितला. तो माझ्या मोबाइलवर आला होता आणि मोबाइल माझ्याजवळ कपड्यांच्या खुंटीवर होता. एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल, मी कुठे होतो ते.

आईने दारावर थाप मारली. मी डोळे चोळत “आलो, आलो” ओरडलो. बाहेरून पोस्टमनचा आवाज आला, “साहेबांना म्हणावं, नीट पाणी घेऊन या. काकू, तुम्ही तोवर चहा टाका.”