खर्रर्र, पण नेमकं कुठून?

गाडीतला नवा आवाज सगळ्यांत आधी चालवणाऱ्याला ऐकू येतो, आणि तो नाकारणाराही तोच. रस्ताच खडबडीत आहे. शेजारच्या गाडीचा असेल. गाणी जरा मोठ्याने लावली की बऱ्याच दुरुस्त्या परस्पर होऊन जातात. ही खरखर मात्र गाण्यांना पुरून उरली, आणि चौकशी समिती बसली: पुढे मी आणि बायको, मागे सासरे.

अप्पांचं निदान गाडीत बसण्यापूर्वीच तयार होतं. "बेअरिंग गेलंय." पंखा असो, मिक्सर असो, वॉशिंग मशीन असो, त्यांच्या मते बेअरिंगच गेलेलं असतं.

"अप्पा, बेअरिंग घुमतं. हे खरवडतंय."

बेअरिंगचा आवाज घूंऽऽ असा, वेगाबरोबर चढत जाणारा. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. हे मी अप्पांना सांगायला नको होतं. पुढच्या प्रत्येक वळणावर मागून "वाढला!" ऐकू येऊ लागलं. डावीकडे वळलो तरी आणि उजवीकडे वळलो तरी.

"म्हणजे दोन्ही गेलीत," अप्पा समाधानाने म्हणाले.

काचा खाली करून पार्किंगच्या भिंतीलगत हळू चालवून पाहिली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, त्यामुळे निदान बाजू तरी कळते. आम्हाला बाजू कळली, डावी. वॉचमनला काय कळलं कोण जाणे, पण तो खुर्चीतून उठला. मग रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू दिली. इंजिन शांत झालं, खरखर तशीच. इंजिन निर्दोष सुटलं. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, गंज धरतो आणि पहिल्या काही ब्रेकांत घासून जातो. तोही संशयित सुटला, कारण ब्रेक दाबून दाबून माझा पाय दुखत होता.

राहिले ब्रेक पॅड, ब्रेक दाबला की डिस्कला दाबून धरणारे. ते झिजत आले की बऱ्याच पॅडवरची पत्र्याची छोटी पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळते. ही मुद्दाम केलेली सोय आहे. (ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासू लागलं तर मात्र सगळे तपास बंद, गाडी उभी.)

"पण ती किंचाळी बारीक असते. हा आवाज जाड आहे," मी म्हणालो.

"जाड म्हणजे कसा?"

मी तोंडाने काढून दाखवला. "छे, असा नाही," म्हणत बायकोने तिचा काढला. मागून अप्पांनी काढला, तो घुमणारा होता. सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला आमच्याकडे बघत बघत दोन फूट पुढे सरकला.

मेकॅनिककडे पोचलो आणि खरखर बंद. त्याने एक चक्कर मारून आणली. गाडी इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

"कधी येतो आवाज?"

"तुम्ही नसताना."

मग तिघांनीही आपापले आवाज पुन्हा सादर केले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, "रिव्हर्समध्ये?"

एवढ्या मोठ्या तपासात मागे जायचं कुणालाच सुचलं नव्हतं. त्याने रिव्हर्स टाकला. खर्रर्र! इतका आनंद गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

जॅक लागला, डावं चाक निघालं. डिस्कच्या मागे पत्र्याचं पातळ कव्हर असतं, त्याच्या फटीतून स्क्रूड्रायव्हरने एक खडा बाहेर आला. नखाएवढा. पॅडही पाहिले, अजून बरेच शिल्लक होते. पुन्हा चाक बसवून त्याने ते वरून-खालून धरून हलवलं, फिरवून कान दिला.

"बेअरिंग एकदम ओके आहे, काका."

अप्पांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"आणि त्या बाजूचं?"