वितळलेलं अणुइंधन पृथ्वीच्या पोटात उतरत जातं का?

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं : अणुइंधन २,८०० अंशांना वितळतं आणि पोलाद १,५०० अंशांना, त्यामुळे अणुभट्टीतलं इंधन एकदा वितळलं की पोलाद, काँक्रीट, खडक सगळं भेदत ते थेट जमिनीत उतरत जातं. जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातलं अजूनही उतरतंय. आणि वरून पाणी ओतलं तर अणुबॉम्बसारखा स्फोट होतो.

यातला २,८०० हा आकडा जवळपास बरोबर आहे, पण तो शुद्ध युरेनियम डायऑक्साइडचा. भट्टीत इंधन एकटं नसतं. त्याच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेल्या असतात, आजूबाजूला पोलाद असतं, विखंडन आटोक्यात ठेवणाऱ्या नियंत्रक कांड्यांमध्ये बोरॉन कार्बाइड किंवा चांदी-इंडियम-कॅडमियमचं मिश्रण असतं. हे चांदीचं मिश्रण ८०० अंशांच्या आसपासच पातळ होतं. बोरॉन कार्बाइड आणि पोलाद, दोघांचेही द्रवणांक बरेच वर. पण ते एकमेकांना भिडले की साधारण १,२०० अंशांना त्यांचा रस होतो. झिर्कोनियम १,८५० अंशांच्या सुमारास वितळतं आणि मग इंधनाच्या गोळ्यांनाच विरघळवू लागतं. चहात साखर वितळत नाही, विरघळते, तसंच हे. म्हणजे इंधन २,८०० अंश गाठण्याच्या कितीतरी आधी वाहायला लागतं. इथे हा मजकूर धोका उलट कमी दाखवतोय.

पण जी मिसळण्याची खोड इंधनाला लवकर वितळवते, तीच पुढे त्याचा जोर मोडते. मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानात न आलेली गोष्ट ही.

पोलाद टिकूच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुकेंद्र पाहावं. २८ मार्च १९७९ला तिथल्या दुसऱ्या भट्टीचा जवळपास निम्मा गाभा, म्हणजे इंधन असलेला मधला भाग, वितळला आणि सुमारे १९ टन रस दाबपात्राच्या, म्हणजे गाभा ज्यात असतो त्या पोलादी पात्राच्या, तळाशी जाऊन पडला. पोलादाची भिंत तिथे जेमतेम १३ सेंटिमीटर जाड. नंतर तिचे तुकडे कापून तपासले, तेव्हा दिसलं की एका भागात ती सुमारे १,१०० अंशांपर्यंत तापली होती, तीही अर्धा तासच. भिंत फुटली नाही. पात्रात पाणी होतं आणि रसावर बाहेरून साय धरल्यासारखं घट्ट कवच बनलं होतं. पोलाद दर वेळी टिकेल असा याचा अर्थ नाही. फुकुशिमात ते टिकलं नाही. पण द्रवणांकांची वजाबाकी करून निकाल लावता येत नाही, एवढं नक्की.

आता काँक्रीट. तापत गेलं की त्यातून आधी पाण्याची वाफ निघते, मग चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड, आणि १,१०० ते १,४०० अंशांच्या दरम्यान ते स्वतःच वितळून रसात मिसळतं. रस काँक्रीट खातो हे खरंच आहे. पण प्रत्येक घासाबरोबर त्याचा पसारा वाढतो आणि उष्णता देणारं इंधन विरळ होत जातं. उष्णतेचा झराही आटत असतो. भट्टी बंद होते त्या क्षणी तिच्या शक्तीच्या सुमारे सहा-सात टक्के उष्णता निघत असते, ती दिवसभरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते.

चेर्नोबिलच्या तळघरात याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. एप्रिल १९८६च्या अपघातानंतर तिथला रस काँक्रीट, वाळू आणि सर्पेंटाइन दगड गिळत खोल्याखोल्यांतून वाहिला आणि थिजला. ‘हत्तीचा पाय’ म्हणतात तो काळा, सुरकुतलेला ढिगारा म्हणजे मुख्यतः सिलिकाची काच. अशा लाव्हात युरेनियम फार तर दहा टक्के. तो इतका कडक होता की नमुना काढायला त्यावर बंदुकीच्या गोळ्या झाडाव्या लागल्या. इमारतीखाली खाणकामगारांनी जिवावर उदार होऊन बोगदा खणला होता, पण रस तिथवर पोचलाच नाही.

फुकुशिमातलं इंधनही आज उतरत नाहीये. ते थिजलेलं आहे. तीन भट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन. नोव्हेंबर २०२४मध्ये दुसऱ्या भट्टीतून त्याचा पहिला कण बाहेर काढला, एक ग्रॅमही न भरणारा. मात्र पहिल्या भट्टीत पाण्याखालच्या रोबोने टिपलेली चित्रं गंभीर आहेत : दाबपात्राला आधार देणाऱ्या गोल भिंतीच्या तळाशी सुमारे मीटरभर उंचीपर्यंत काँक्रीट नाहीसं झालंय आणि सळ्या मात्र उघड्या, जागच्या जागी उभ्या. काळजी करायची तर या भिंतीची करावी.

राहिला पाण्याचा मुद्दा. वितळलेल्या इंधनाचा अणुबॉम्ब होत नाही. वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांच्या इंधनात विखंडनक्षम, म्हणजे ज्याचा अणू सहज फुटतो असं, युरेनियम सहसा पाच टक्क्यांहून कमी असतं, आणि बॉम्बला लागणारी रचना वितळलेल्या रसात नसते. वाफेचा स्फोट होऊ शकतो, तो वेगळा. खरा धोका हायड्रोजनचा : १,२०० अंशांच्या वर तापलेलं झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतं, प्रचंड उष्णता सोडतं आणि हायड्रोजन मोकळा करतं. मार्च २०११मध्ये फुकुशिमाच्या इमारतींची छपरं त्यानेच उडवली.

म्हणून पाणी टाळायचं नसतं, झिर्कोनियमची तहान आधी भागवायची असते. चीनच्या तिआनवान केंद्रात भट्टीखाली ‘कोअर कॅचर’, म्हणजे वितळलेला गाभा झेलणारं पात्र, आहे. त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरलेली असतात. लोहाचं ऑक्साइड झिर्कोनियमला ऑक्सिजन देऊन टाकतं, म्हणजे तो वाफेतून ओढायची गरजच उरत नाही. शिवाय ही हलकी ऑक्साइडं मिसळल्यावर युरेनियमचा जड थर हलका होऊन वर येतो आणि वितळलेलं पोलाद खाली जातं. मग वरून पाणी सोडतात. ते धातूवर पडत नाही, ऑक्साइडवर पडतं.