खाऱ्या पाण्यातली गोडी विहीर
लहानपणच्या सहलींनी प्रवासाची गोडी लावली, हे तुम्ही लिहिलंय ते अगदी पटलं. कोकण रेल्वे नव्हती तेव्हा दर मे महिन्यात आम्ही रात्रीच्या एसटीने मालवणला जायचो. कशेडी घाटात मला हमखास मळमळायचं. आई आवळासुपारी तोंडात घालायची, बाबा खिडकीची जागा द्यायचे. एका वर्षी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेलं. चहूकडे समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! बाबांनी माझ्या ओंजळीत पाणी ओतलं, ती चव अजून जिभेवर आहे. तेव्हापासून कुठल्याही किल्ल्यावर गेले की आधी पाण्याचं टाकं शोधते. यंदा लेकीला विजयदुर्ग दाखवायचाय, आणि तोही एसटीनेच जाऊन.