उजवा इंडिकेटर

चिपळूण सोडलं, पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाट चढायला लागलं की माझ्यापुढे एक ट्रक असतोच, कुठून उगवतो देव जाणे. परवाचा जांभ्याचे चिरे भरलेला होता, पहिल्या गिअरवर कण्हत चाललेला, आणि त्याचा सगळा काळा धूर एसीतून थेट सासऱ्यांच्या नाकात. सासरे म्हणजे आबा, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले तरी बाजूच्या सीटवर बसून पायाने ब्रेक दाबतात.

ट्रकने उजवा इंडिकेटर लावला.

आता याचे अर्थ बघा. मी उजवीकडे वळतोय (उजवीकडे दरी होती, म्हणजे हा बाद). किंवा समोर मोकळं आहे, जा बाबा. किंवा समोरून गाडी येतेय, मरायला येऊ नको. किंवा मागच्या महिन्यात लावलेला, राहिलाय तसाच. त्यात काहीजण 'जा' म्हणायला डावा लावतात, म्हणजे मी डावीकडे सरकतो तू निघ, आणि हा ट्रक कुठल्या पंथाचा ते नंबरप्लेटवर लिहिलेलं नसतं. लायसनच्या वेळी मी पाठ केलेलं, १९८९ च्या नियमांत होतं, की मागच्याला पुढे जा सांगायचं तर उजवा हात बाहेर आडवा धरून अर्धगोलात पुढे-मागे हलवायचा. मी आरटीओत तो इतक्या प्रेमाने हलवला की साहेब म्हणाले, बास, पाळणा हलवताय का.

तेवढ्यात क्लीनरच्या खिडकीतून हात बाहेर आला. हलला. मी सेकंड टाकून उजवीकडे काढली आणि आबा ओरडले, "जावईबापू, थांबा!" हात परत हलला, त्यातून पाणी उडालं, जेवून हात धूत होता तो, आणि वळणावरून एसटी आली. मी कसा ट्रकच्या मागे परत घुसलो मला माहीत नाही, पण एसटीचा ड्रायव्हर जे बोलला ते काचा बंद असूनही नीट ऐकू आलं. आबा म्हणाले, "बरोबर बोलला तो."

मग त्यांनी शिकवलं. दिवा नाही बघायचा, चाकं बघायची. खरंच साईड देणारा डावीकडे सरकतो, स्पीड कमी करतो, मग हात दाखवतो, आणि एवढं करूनही आपल्याला पुढचं दिसल्याशिवाय निघायचं नाही. वर हेळवाकजवळ सरळ रस्ता लागल्यावर ट्रक सरकला, ड्रायव्हरने पीठ चाळल्यासारखा हात हलवला, आबा म्हणाले, "हां, आता काढा." काढली, दोनदा पीं पीं करून थँक्यू पण म्हटलं.

पुढे रस्ता मस्त, आणि लोक तर इतके चांगले की काय सांगू, पिकअप, दोन बुलेट, वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स, जो तो पुढे जाताना छोटासा हॉर्न देऊन जातोय, एकाने तर हात पण केला. मी बायकोला म्हटलं, बघ, या भागात माणुसकी आहे अजून.

आबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "इंडिकेटर बंद करा," म्हणाले, "हेळवाकपासून टकटकतोय."