चार पूर्णांक सहा

मिसळ संपली.

रविवार, सकाळचे पावणेअकरा, वहीत माझं नाव बाविसावं, फुटपाथवर उभं राहून पन्नास मिनिटं झालेली. आणि खांद्यावर फडकं टाकलेला एक पोरगा दारात येऊन, गाडी आज दोन नंबरच्या फलाटावरून सुटेल अशा सुरात म्हणाला, "मटकी संपली. आता फक्त चहा."

शेजारी दुसरं एक मिसळीचं हॉटेल होतं. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत. सात टेबलं, त्यातली पाच रिकामी, गल्ल्यावर मालक पेपर वाचतोय, आणि आतून खोबरं-लसूण भाजल्याचा वास येतोय. तरी आम्ही तीस-चाळीस माणसं त्या वासात उभी राहून या दाराकडे बघत होतो, कारण फोनवर त्या हॉटेलापुढे ३.९ लिहिलं होतं आणि या हॉटेलापुढे ४.६. मीही त्याच रांगेत होते. पुढे मी जी काही शहाणपणाची बडबड करणार आहे, ती वाचताना हे ध्यानात असू द्या.

त्या पन्नास मिनिटांतली निम्मी माझ्या मागच्या काकांनी खाल्ली. वय साठीचं, पायात फिरायचे बूट, चष्मा कपाळावर. त्यांनी पाटीचा फोटो काढला, रांगेचा काढला, हात धुवायच्या बेसिनचा काढला, आणि एका अनोळखी बाईंच्या पुढ्यातल्या मिसळीचा, बाईंना जरा मागे सरकायला लावून काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, 'छान'ला दुसरा शब्द सांगा ना. मोठा."

"कशाला?"

"रिव्ह्यू लिहितोय."

"अहो, पण आपण अजून आत गेलोच नाही."

"आत गेल्यावर हात तर्रीत. टाइप कशानं करणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी मग मला पुरतं शिकवलं. गूगलच्या नकाशावर नुसते तारे दिले की १ पॉइंट. चार ओळी लिहिल्या की १०. मजकूर २०० अक्षरांच्या वर गेला की आणखी १०. फोटोचे प्रत्येकी ५, म्हणून बेसिनसुद्धा. १५ पॉइंटना दुसरी पातळी, ७५ ला तिसरी, ५००० ला सातवी, १५००० ला आठवी. काका सातवीत होते.

"आठवीत गेल्यावर काय मिळतं?"

काकांनी माझ्याकडे, शाळेत न गेलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "आठ."

अडचण अशी होती की त्यांच्या मजकुरात ३४ अक्षरं कमी पडत होती. "मराठीत लिहिण्याचा फायदा आहे मॅडम. वेलांटी वेगळी मोजतात, काना वेगळा, जोडाक्षरातला पाय मोडलेला तोही वेगळा. 'छान' म्हणजे तीन. फुकट गेला शब्द. 'अप्रतिम' सात. 'स्वर्गीय' आठ. 'स्वादिष्ट' नऊ, पण तो मी दोनदा वापरलाय."

"वैशिष्ट्यपूर्ण," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. रांगेत माणूस कशातही भाग घेतो.

काकांनी बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "चौदा! आणि आधीची मोकळी जागा धरून पंधरा. राहिले एकोणीस."

"जिभेवर रेंगाळणारी."

"मोकळ्या जागेसकट अठरा." उरलेल्या एकासाठी त्यांनी उद्गारचिन्ह टाकलं, पाच तारे दाबले आणि पाठवून दिलं. अशा रीतीनं त्या मिसळीच्या कीर्तीत माझेही तीन शब्द आहेत. मिसळ मी अजून चाखलेली नाही.

"आणि नाही आवडली तर?"

"४.६ आहे मॅडम," काका म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलंय, या चालीवर.

मी शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. काकांनी लगेच तिथले एकतारे, म्हणजे एकच तारा दिलेले रिव्ह्यू, काढून मोठ्यानं वाचायला घेतले, मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. 'सोमवारी गेलो, बंद होतं.' 'गाडी लावायला जागा नाही.' 'ब्रेड मागितला, पाव दिला.' 'तिसऱ्यांदा सॅम्पल मागितल्यावर तोंड वाकडं केलं.' 'मालक पेपर वाचतात.' आणि एक नुसताच अंगठा, खाली वळलेला. एकूण परीक्षणं ४१. सहाही एकताऱ्यांत मटकी नाही, कट नाही, फरसाण नाही. ही सहा बाजूला ठेवून उरलेल्या ३५ ची सरासरी काढा: ४.४ येते. म्हणजे सोमवारची सुट्टी, अरुंद गल्ली आणि वर्तमानपत्र मिळून अर्धा तारा घेऊन गेले.

या अर्ध्या ताऱ्याची किंमत अमेरिकेत लोकांनी मोजून ठेवली आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या हॉटेलांचा गल्ला आणि येल्प या तिकडच्या परीक्षणांच्या संकेतस्थळावरचे तारे शेजारी मांडले. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, पण फक्त सुट्या, एकट्या हॉटेलांचं. साखळीवाल्यांना फरक पडत नाही, कारण तिथं काय मिळणार हे लोकांना आधीच पाठ असतं. दुसरा हिशेब अँडरसन आणि मॅग्रुडर या दोघांचा, २०१२ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. येल्प तेव्हा सरासरी जवळच्या अर्ध्या ताऱ्यावर नेऊन दाखवायचं. ३.२४ वाल्याला तीन, ३.२५ वाल्याला साडेतीन. स्वयंपाकघरात काडीचा फरक नाही. तरी अर्धा तारा जास्त दिसला की संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी सगळी टेबलं भरून जाण्याचं प्रमाण १९ टक्के-अंकांनी वाढत होतं. गूगल निदान एक दशांश दाखवतं. पण तिथं ४.० ची गाळणी लावायची सोय आहे. ती लावली की ३.९ वाला वाईट ठरत नाही, तो नकाशावर नसतोच.

बरं, भरून काढायचं म्हटलं तर? सरासरी ४.२ असताना एक एकतारा आला, तर पूर्वपदावर यायला पाच ताऱ्यांची चार परीक्षणं लागतात. ४.५ असताना सात. दोन हजार परीक्षणं असलेल्याला एकताऱ्याचा धक्काही लागत नाही. वीसच असली तर ४.२ चे एका सकाळीत ४.० होतात. आणि ती चार-सात माणसं आणायची कुठून? मिसळ 'बरी होती' असं ज्याला वाटतं, तो घरी जाऊन पंखा लावून झोपतो. लिहितो कोण, तर ज्याच्या अंगाचा तिळपापड झालाय तो, नाहीतर ज्याला पॉइंट हवेत तो.

पूर्वी आमच्याकडे याच्या उलट होतं. मालक गिऱ्हाइकाकडे बघून हसला तर लोकांना कालच्या मालाची शंका यायची. तिरसटपणा ही गुणवत्तेची खूण होती आणि 'आमची कोठेही शाखा नाही' हे प्रमाणपत्र. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये बोट्टो बिस्ट्रो नावाच्या इटालियन हॉटेलनं २०१४ मध्ये जाहीर केलं होतं: येल्पवर आम्हाला एक तारा द्या, पिझ्झ्यावर २५ टक्के सूट घ्या. लोकांनी हौसेनं दिले. याचा मालक सदाशिव पेठेत जन्माला यायचा, पत्ता चुकला.

आता सगळे हसतात. बिलाबरोबर बडीशेप येते आणि बडीशेपेबरोबर क्यूआरचा चौकोन, आणि वेटर टेबलाजवळून हलत नाही. "सर, माझं नाव टाका ना." 'अमुक भाऊंनी फार सुंदर सर्व्हिस दिली' अशी परीक्षणं एकाखाली एक दिसली, तर ओळखावं की आत महिन्याला नावं मोजली जातायत आणि त्यावर बक्षीस आहे. त्या बिचाऱ्याचा राग येत नाही. राग येतो तो 'पाच तारे दाखवा, ताक फुकट' याचा. गूगलच्या नियमात हे बसत नाही, आणि भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं मानकही काढलंय, परीक्षणं खरी कशी ठेवावीत याचं. ते ऐच्छिक आहे. ऐच्छिक मानक पाळायला इथं कोणाला ताकाची घाई सोडून वेळ आहे?

तेव्हा वाचायचंच असेल तर आकड्याच्या खालचं वाचावं. आधी क्रम बदलून 'नवीन आधी' करावं, कारण सरासरी सगळी वर्षं पोटात घेऊन बसते. आचारी दिवाळीत गाव गाठून परत आलाच नाही, तरी त्याचे तारे पाटीवर लटकतच राहतात. मग दोन आणि तीन ताऱ्यांची परीक्षणं. तिथं माणूस अन्नाबद्दल बोलतो: मटकी कच्ची, कटात तेलच तेल, फरसाण मऊ पडलेलं. परीक्षणांत शोधायची सोय असते, तिथं 'सॅम्पल' किंवा 'तर्री' टाकावं. फोटो मालकाचे नकोत, गिऱ्हाइकांचे बघावेत, आणि कडेचं टेबल बघावं, ताट नंतर. तीन दिवसांत पंचवीस पंचतारे, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाचं आयुष्यातलं ते एकच परीक्षण, असं दिसलं तर फोन खिशात घालावा. झोमॅटोवर बसून खाण्याचा आकडा वेगळा आणि घरपोचचा वेगळा असतो. मिसळीसाठी दुसरा बघूच नये. डब्यात बंद होऊन अर्धा तास स्कूटरवर फिरलेल्या शेवेनं कोणाचं काय भलं होणार?

एवढं सगळं माहीत असून मी पन्नास मिनिटं ४.६ च्या दारात उभी होते. २०१७ मध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकारानं लंडनमध्ये आपल्या बागेतली लाकडी खोपट खोट्या परीक्षणांच्या जोरावर ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर शहरात पहिल्या क्रमांकाला नेली होती. पदार्थांच्या फोटोत दाढीचा फेस होता. लोक टेबलासाठी फोन करत होते आणि तिथं चूलही पेटलेली नव्हती. हे वाचून मी पूर्वी हसले होते.

तर, मटकी संपली. काका शांतपणे फोनमध्ये बघून म्हणाले, "सव्वादोन किलोमीटरवर ४.५ आहे. येताय?"

"अहो, पण इथं तुम्ही पाच तारे दिलेत. खाल्लं नाहीत, काढून टाका ना."

"रांगेची व्यवस्था चांगली होती," काका म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

मी शेजारी गेले. मालकानं पेपरची घडी केली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते. मिसळ बरी होती. खरंच बरी: मटकी मऊ पण अख्खी, कट लाल दिसणारा आणि पोटाला सोसणारा, फरसाण बहुधा कालचं. दुसऱ्यांदा सॅम्पल मागितलं तेव्हा तोंड वाकडं झालं नाही. तिसऱ्यांदा मागायची हिंमत मी केली नाही.

संध्याकाळी फोन किणकिणला. गूगल विचारत होतं, आज सकाळी तुम्ही तिथं गेला होतात, अनुभव कसा वाटला? तिथं म्हणजे ४.६ च्या तिथं. फुटपाथवरचे पन्नास मिनिटं त्याला दिसले होते, शेजारच्या टेबलावरचे वीस दिसले नव्हते. खाली पाच रिकामे तारे.

मी चष्मा लावला आणि दोनशेच्या वर अक्षरं होतील अशा बेतानं लिहायला बसले.