कार्ड घासा, भीड बाळगा

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण ज्यानं रचली, त्यानं परदेशात क्रेडिट कार्ड घासलं नव्हतं हे उघड आहे. तिथे भीडच आपल्या उपयोगी पडते. नव्यानं प्रवासाला निघणाऱ्यांसाठी अनुभवाचे चार शब्द सांगतो.

निघण्याआधी बँकेला कळवू नका. आपण कुठे जातो हा आपला खाजगी मामला. ॲपमधली परदेशी व्यवहारांची कळ चालू आहे का, तेही पाहू नका. पहिल्याच हॉटेलच्या काउंटरवर कार्ड अडेल. खात्री करून घ्यायला बँक संदेश पाठवेल आणि तो घरच्या कपाटात राहिलेल्या सिमवर सुखरूप पोचेल. इतकी चौकशी घरची माणसंही करत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. दुकानात कार्ड लावलंत की यंत्र अदबीनं विचारतं, रक्कम इथल्या चलनात घेऊ की तुमच्या? जिथे पाट्यासुद्धा वाचता येत नाहीत, तिथे एक यंत्र आपल्या घरचं चलन बोलतं! गळा दाटून येतो. अशा वेळी ‘इथल्याच चलनात घे’ म्हणण्याइतकं कोरडं होऊ नका. कोरडे लोक काय करतात, तर स्थानिक चलन निवडतात. मग व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपला त्या दिवसाचा दर लावतं, तो चलनाच्या घाऊक बाजारातल्या दराच्या बराच जवळ असतो, आणि त्यावर बँक आपलं परदेशी व्यवहाराचं शुल्क घेते, बहुधा २-३ टक्के. काही कार्डांवर तेही नसतं. एवढ्यावर ही मंडळी समाधान मानतात.

घरचं चलन निवडलंत की दर ठरवतो दुकानदाराच्या यंत्रामागचा कंपनीवाला. तो ३ टक्क्यांपासून पार १२ टक्क्यांपर्यंत आपली माया दरात मिसळतो आणि त्यातला वाटा बऱ्याचदा दुकानदारालाही देतो. एका बिलावर दोन संसार चालतात. शिवाय दुकान परदेशी म्हणून काही बँका आपलं शुल्क तरीही लावतात, म्हणजे तीही नाराज होत नाहीत. या सोयीला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. नाव इतकं भारदस्त असताना टक्के कसले विचारायचे?

युरोपीय संघाला मात्र हा जिव्हाळा पाहवला नाही. एप्रिल २०२० पासून तिथल्या यंत्रांना, आपण युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त घेतो, हे आधी दाखवावं लागतं. पाहुण्यासमोर असा हिशेब मांडतात का? तो आकडा आला की आपण सुसंस्कृतपणे खिडकीबाहेर पाहावं.

कधीकधी वेटर आपल्या वतीनं कळ दाबूनच यंत्र पुढे करतो. निवड ग्राहकानंच करायची असा कार्ड कंपन्यांचा नियम आहे. व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगता येतं. पण मागे रांग आहे, बायको कोपरानं ढोसते आहे. दाबलीय ना त्यानं, राहू द्या.

एटीएम तर भिडस्तांची परीक्षाच बघतं. पडद्यावर ‘रूपांतर स्वीकारा’ आणि ‘रूपांतर नाकारा’ अशा दोन कळा येतात. नाकारलं तरी पैसे मिळतात, फक्त दर व्हिसा-मास्टरकार्डचा लागतो. पण नाकारल्यावर यंत्र रागावलं आणि कार्ड गिळलं तर? स्वीकारा. आणि हे पैसे क्रेडिट कार्डावरच काढा. नगद उचलीचं वेगळं शुल्क पडतं, आणि व्याज बिलाच्या तारखेची वाट न पाहता बहुधा त्याच दिवसापासून धावू लागतं. घरी पोचेपर्यंत ते चांगलं बाळसं धरतं.

पिन पाठ करू नका. रात्री अकराला, माणूस नसलेल्या स्टेशनावर तिकिटाचं यंत्र तो मागेल, तेव्हा आठवायला निवांत वेळ असेलच. कार्डं दोन असतील तर एकाच पाकिटात ठेवा, म्हणजे चोराला दोनदा यावं लागणार नाही. फारच काटकसर करायची असेल तर इराणला जा. तिथे व्हिसा-मास्टरकार्ड चालतच नाहीत. मार्च २०२२ पासून रशियातही बाहेरून नेलेली ही कार्डं बंद आहेत. शुल्क शून्य!

आता माझंच सांगतो. एका दुकानात मी असाच भावुक होऊन घरच्या चलनात कोट घेतला. दुसऱ्या दिवशी तो दंडात घट्ट झाला म्हणून परत केला. परतावा आला तो परताव्याच्या दिवसाच्या दरानं, आणि बँकेनं घेतलेलं शुल्क काही परत आलं नाही. न घेतलेल्या कोटाचे पैसे मोजण्याचा मान असा पदरी पडला. बँकेला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, पावतीच्या तळाशी काय छापलंय, वाचाल का?”

चष्मा लावून वाचलं. मला दोन्ही चलनांचा पर्याय देण्यात आला होता आणि माझी निवड अंतिम आहे, असं तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. खाली माझी सही. चांगली वळणदार आली होती.